शुक्रवारची प्रार्थना पेटी

शुक्रवार, १ जुलै २०२२

आजपासून गृहशाळेच्या ऑनलाइन वर्गासाठी प्रार्थना पेटी सुरू केली. चर्चच्या दाराशी लाकडी पेटी असते, कुणीही चिठ्ठी टाकावी, नाव लिहू नये, आणि रविवारी मंडळीने त्या चिठ्ठ्यांवर प्रार्थना करावी. तीच रीत ऑनलाइन आणली. कारण आमची मुलं तोंडाने काही सांगतच नाहीत. दर शुक्रवारी दहाला वर्ग उघडायचा, विचारायचं, कुणाची काही प्रार्थना विनंती? नऊच्या नऊ चौकटी गप्प. मग सिवनी गावच्या दोघा भावांतला धाकटा म्हणणार, "टीचर, मेरी बिल्ली बीमार है." चार आठवडे आम्ही त्या मांजरीसाठी प्रार्थना केली. ती बरी झाली, तिला पिल्लंही झाली. आता पुढे काय?

सुवार्ताने अर्ध्या तासात फॉर्म बनवून दिला. नाव नाही, नंबर नाही, लिहायला नुसती एक रिकामी जागा. मी तीनतीनदा विचारलं, कोणी लिहिलं ते खरंच दिसणार नाही ना? "नाही मम्मी. तुलाही नाही, मलाही नाही." लिंक पाठवणं, कुणाचा माइक बंद करणं, हे सगळं तीच बघते. मी बैठकीत लॅपटॉपसमोर बसून शिकवते, ती आतल्या खोलीतून मोबाइलवर वर्ग सांभाळते आणि तिथूनच विद्यार्थिनी म्हणून हजेरीही देते. चौदा वर्षांची पोर, पण कधी कुरकुर नाही. गटातल्या आया म्हणतात, दीदी, तुमच्या मुलीसारखी मुलगी हवी. मी म्हणते, घरी शिकवा, होईल.

सोमवार, ४ जुलै

छिंदवाड्याच्या एका कुटुंबाचा फोन. गृहशाळेत यायचंय पण भीती वाटते म्हणाले. मी माझी साक्ष सांगितली. सतरा वर्षं नेपियर टाउनमधल्या मिशनच्या शाळेत गणित शिकवलं. सप्टेंबर २०१८ मध्ये प्रभूने मनात घातलं, आधी आपलं लेकरू सांभाळ. त्याच दिवशी राजीनामा दिला, पाचवीच्या वर्गात जाऊन सुवार्ताला दप्तरासकट उठवलं आणि ऑटोत बसले. चौथा तास चालू होता. इतकी स्पष्ट हाक होती की पाचव्या तासाचीही वाट बघवली नाही. मग चर्चच्या हॉलमध्ये तीन घरांची मुलं घेऊन आठवड्याचा वर्ग सुरू केला. लॉकडाऊनमध्ये तो ऑनलाइन गेला, आणि आज मंडला, सिवनीपर्यंत मिळून सहा कुटुंबं आहेत. फोनवरची बाई ऐकता ऐकता रडली.

साक्षीत एक गोष्ट मी सांगत नाही. त्याच आठवड्यात इंदिराला मुख्याध्यापिका केलं होतं, माझ्याहून सात वर्षांनी धाकटी. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. लोक भलता अर्थ काढतात म्हणून सांगत नाही, एवढंच.

शुक्रवार, ८ जुलै

पेटीत चार चिठ्ठ्या आल्या. मी आधी न वाचता थेट वर्गात वाचायला घेतल्या, तिथेच चुकलं. पहिली आजोबांच्या गुडघ्याची. दुसरी मांजरीच्या पिल्लांची, अर्थातच. तिसरी मोठ्याने वाचून गेले आणि मग काय वाचलं ते कळलं. "मुझे स्कूल जाना है। घर पर कहने की हिम्मत नहीं होती।"

चौथी कशाबद्दल होती ते आठवत नाही.

मी बोलायला लागले. शाळेत एका वर्गात पन्नास मुलं, नुसता गोंगाट, तुमच्या मनात काय चाललंय ते कुणी विचारत नाही. घरी आई असते, ती विचारते. पंचवीस मिनिटं बोलले. मग त्या लेकरासाठी प्रार्थना केली. "बाळा, तू जो कोणी असशील, प्रभूला तुझं नाव माहीत आहे," असं म्हटलं. गणिताचा तास बुडाला. शेवटी सुवार्ताचा आवाज आला, "मम्मी, वेळ संपला."

श्रीकांत दुपारी घरी जेवायला आले तेव्हा मी पडदे काढून बादलीत भिजवत होते. "काहून धुऊन राहिली? परवाच तर धुतले ना." मी सगळं सांगितलं. ते सुवार्ताकडे बघत राहिले. ती ओट्याशी पोळ्या लाटत होती. मग म्हणाले, "असेल बा कोणी." रेल्वेत अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाला कशाचंच काही वाटत नाही.

रविवार, १० जुलै

उपासनेत लक्ष नव्हतं. गटातली दोन घरं आमच्याच मंडळीतली आहेत. त्यांच्या पोरांचे चेहरे वाचत बसले. उपदेश कशावर झाला ते मला विचारू नये.

शुक्रवार, १५ जुलै

आज आधी वाचून घेतलं. "टीचर, आपने कहा स्कूल में शोर है। मुझे शोर ही चाहिए। यहाँ बहुत चुप है।"

म्हणजे हे मूल मला उत्तर देतंय. वर्गात वाचायचं नाही असं ठरवलं होतं, पण वाचलं. या वेळी भाषण दिलं नाही. म्हटलं, बाळा, तू लिहीत राहा, मी ऐकते आहे. मुलं स्क्रीनवर इतकी शांत बसलेली मी कधी पाहिली नव्हती.

खरं सांगायचं तर मला हे मूल आवडायला लागलंय. वाक्य कसं लिहिलंय ते बघा. जेवताना सुवार्ताला म्हटलं, "अशी असतात मुलं. मन मोकळं करतात. तुला काही विचारलं की हो, नाही, ठीक आहे. तीन शब्दांत तुझा कारभार."

ती म्हणाली, "मग तू त्याला काय सांगशील?"

"कुणाला?"

"चिठ्ठी लिहिणाऱ्याला."

"त्याची आई कशी आहे त्यावर आहे," मी म्हटलं. "समजूतदार असेल तर म्हणेन, सरळ जाऊन सांग."

"अच्छा," म्हणाली आणि ताटं उचलली.

सोमवार, १८ जुलै

चैन पडत नाही. गणिताच्या बाईला न सुटलेलं गणित घरात ठेवता येत नाही. पाठकोऱ्या कागदावर यादी केली. वर्गात नऊ मुलं. सुवार्ता सोडून आठ. सिवनीचे दोघे भाऊ मांजरीपलीकडे जात नाहीत. चार पोरं दहाच्या आतली, त्यांची चिठ्ठी त्यांच्या आयाच लिहितात. मंडल्याचा एकुलता एक रोज नदीवर पोहायला जातो, त्याला शाळेत कोंडलं तर तो पळून येईल. राहिली महाराजपुरची शलोमी. मनीषा आणि चिंतामणीची मुलगी, तेरा वर्षांची. कॅमेरा कायम बंद. हजेरीला "यस टीचर" आणि मग तास संपेपर्यंत पत्ता नाही.

अजून खात्री नाही. पण गणित तिकडेच जातंय.

बुधवार, २० जुलै

विशेष काही नाही. सकाळी साडेसहाला उठले तर सुवार्ता गॅलरीत उभी होती. आजकाल रोज असते. कांचघरच्या रस्त्यावरून त्या वेळी शाळांच्या बसगाड्या, रिक्षा, सगळा गलबला सुरू होतो. मी म्हटलं, आत ये, धूळ येते. म्हणाली, हवा चांगली आहे.

शुक्रवार, २२ जुलै

मागच्या वेळी मी वर्गात विचारलं होतं, बाळा, शाळेत असं काय आहे जे घरी नाही? आज उत्तर आलं.

"मेरी सहेली वहाँ थी। मैंने उसे बाय भी नहीं कहा।"

 कुठल्या आईने असं केलं असेल? काय घाई होती, मैत्रिणीचा निरोप घ्यायला पाच मिनिटं दिली असती तर काय बिघडलं असतं? मी वर्गात तसं बोललेसुद्धा. म्हटलं, मोठी माणसं कधी कधी आपल्याच नादात असतात, त्यांना क्षमा कर. आणि प्रार्थनेत त्या आईसाठी खास प्रार्थना केली, तिचे डोळे उघड म्हणून.

आमेन सगळ्यांनी म्हटलं. सुवार्ताचं ऐकू आलं नाही, तिचा माइक बंद असावा.

आता शंकाच उरली नाही. सहेली म्हणजे लिहिणारी मुलगीच. शलोमी तिसरीपर्यंत शाळेत होती, मधेच काढली होती. मनीषाने कारण सांगितलं होतं, आता आठवत नाही. उद्या जाऊन येते.

शनिवार, २३ जुलै

श्रीकांतच्या स्कूटरवर महाराजपुरला गेले. वाटेत त्यांनी दोनदा विचारलं, "पक्कं ठरवलं? एकदा घरात विचारून पाहिलं असतं." मी म्हटलं, घरात काय विचारायचं, प्रश्न त्यांच्या घरचा आहे.  ते मला कॉलनीच्या तोंडाशी सोडून पान खायला गेले.

मनीषा नागपूरकडची, साधी बाई, माझ्यावर फार विश्वास. मी सांगितल्यावर तिने चहाचा कप खाली ठेवला. "दीदी, माझी शलोमी? तिने मला काहून नाही सांगितलं? मी काय तिला खाऊन टाकणार होती?" आणि ढसढसा रडायला लागली. चिंतामणी घरी नव्हता. शलोमी मावशीकडे गेली होती, तेवढं बरं. कॅमेऱ्याचं विचारलं तर म्हणाली, मोबाइल पडला होता, पुढची काच फुटली आहे, दुकानात द्यायचा राहतोच.

तिची सासू पार्वताबाई दाराशी पालक निवडत बसली होती. तिला ऐकू कमी येतं असं मला वाटायचं. म्हणाली, "काहून रडून राहिली व? पोरीनं शाळेचंच नाव घेतलं ना. चोरीचं तर नाही घेतलं."

म्हातारीला गृहशाळेमागचा विचार काय कळणार. पण येताना ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

आणि दुसरी गोष्टही जात नाही. नाव कळणार नाही असा शब्द मी मुलांना दिला होता. पेटीचा नियम मीच केला आणि तीन आठवड्यांत मीच मोडला. प्रभू, हेतू चांगला होता.

मंगळवार, २६ जुलै

मनीषाचा फोन. आवाज वेगळाच होता.

"दीदी, मी विचारलं तिला. प्रेमाने विचारलं, रागावली नाही. ती म्हणते, मी नाही लिहिलं. शपथ घेऊन राहिली."

"घाबरली असेल," मी म्हटलं.

"मला पण तसंच वाटलं. पण मग दीदी, थोड्या वेळाने माझ्या मागे आली, म्हणाली, मी लिहिलं नाही, पण जाऊ का?"

 मनीषा म्हणाली, "काय करू?" मी म्हटलं, प्रार्थना करा. फोन ठेवल्यावर सगळे मसाल्याचे डबे काढून पुसले. सुवार्ता मदतीला आली. "कोणाचा फोन होता?" तिला सांगितलं. ती डब्यांची झाकणं हातात घेऊन उभीच राहिली. मग म्हणाली, "तू त्यांच्या घरी गेली होतीस?"

"म्हणजे काय, त्या लेकरासाठी कुणीतरी जायला नको?"

ती झाकणं लावत बसली. सगळी चुकीच्या डब्यांना लावली. नंतर मी पुन्हा लावली.

शुक्रवार, २९ जुलै

पेटीत फक्त मांजर. सुवार्ताचं डोकं दुखत होतं, वर्ग दोनदा तुटला. पुन्हा जोडायचं कसं ते मला येत नाही, माझी फजिती झाली. मुलं हसत होती. पुढच्या वेळी शिकून घ्यायला हवं.

मंगळवार, २ ऑगस्ट

मनीषाने शलोमीचं नाव शाळेत घातलं. आधारतालजवळची कुठलीशी शाळा, आठवीत. मला फोन नाही, ग्रुपवर युनिफॉर्ममधला फोटो. खाली लिहिलंय, विभावरी दीदींचे आभार, त्यांनी आमचे डोळे उघडले.

मी डोळे उघडले म्हणे. दुसऱ्या दोन आयांनी खाली हात जोडलेली चित्रं टाकली, आणि त्यातल्या एकीने मला वेगळा मेसेज केला, दीदी, आम्हीपण विचार करतोय. हे असं व्हायला नको होतं. शलोमी गेली तर वर्गात आठ उरतील. संध्याकाळभर घरात फिरत होते. श्रीकांत म्हणाले, "विभा, बस ना एका जागी. तू खूश आहे का नाराज, ते तरी सांग." 

पण शांतपणे विचार केला तर यातही प्रभूची योजना असेल. चिठ्ठी आली, आम्ही प्रार्थना केली, उत्तर मिळालं. वर्गात तसंच सांगेन. मुलांचा प्रार्थनेवरचा विश्वास वाढेल.

शुक्रवार, ५ ऑगस्ट

वर्गात सांगितलं. नाव घेतलं नाही. म्हटलं, ज्या लेकरासाठी आपण महिनाभर प्रार्थना केली, त्याचं ऐकलं गेलं. ते लेकरू आज शाळेत आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उपकारस्तुतीची प्रार्थना झाली. मग अपूर्णांक घेतले, बरे झाले.

वर्ग संपल्यावर सवयीने पेटी उघडली. अकरा वाजून चार मिनिटांनी, म्हणजे मी अपूर्णांक शिकवत असताना, एक चिठ्ठी आली होती.

"टीचर, जवाब मुझे नहीं मिला। किसी और को मिल गया।"

संध्याकाळ

पुन्हा यादी केली. शलोमी गेली, उरली आठ. सिवनीचे भाऊ. चार लहान. मंडल्याचा मुलगा. सात झाले. आठवा कोण हे आठवेना. तीनदा मोजलं. सुवार्ता सोडून सातच होतात.

शनिवार, ६ ऑगस्ट

सकाळी श्रीकांतना विचारलं, "सुवार्ताची पाचवीत कोणी मैत्रीण होती का हो?"

ते दाढी करत होते. "पलक. पटेलांची. दोघी एकाच बाकावर बसत होत्या. तुला आठवत नाही? किती दिवस आपल्या गेटपाशी येऊन विचारायची ती, सुवी कब आएगी." मग वस्तरा खाली ठेवला. "विभा, ती पोरगी महिनाभर तुला सांगून राहिली. आणि तू महाराजपुरला गेली."

"तुम्हाला तिने सांगितलं होतं?"

"मला कोणी काही नाही सांगितलं. मला कान आहेत."

"मग मला काहून नाही सांगितलं?" माझ्या तोंडून त्यांच्यासारखंच आलं.

"स्कूटरवर दोनदा सांगितलं."

पहिल्यांदा आला तो राग. आधी लाज वाटली असं मी इथे लिहू शकते, पण ते खोटं होईल. राग आला. मी बैठकीत बसून सगळ्या मुलांसमोर त्या आईचे डोळे उघडण्यासाठी प्रार्थना करत होते, आणि आतल्या खोलीत बसून ती ऐकत होती. माझं हसं झालं असं वाटलं. दुपारपर्यंत तिच्याशी बोलले नाही. ती नेहमीसारखी कपडे वाळत घालत होती, चिमटे लावत होती. तिच्यात काहीच बदललेलं नव्हतं, आणि त्यानेच मला जास्त त्रास झाला.

सोमवार, ८ ऑगस्ट

आज विचारलं. भाजी चिरता चिरता, तिच्याकडे न बघता. "पेटीत तू लिहीत होतीस?"

"नाव घालायचं नव्हतं ना," म्हणाली.

"समोर सांगायला काय झालं होतं? मी काय खाऊन टाकणार होते?" म्हटलं आणि आठवलं की हे मनीषाचं वाक्य आहे.

ती म्हणाली, "समोर सांगितलं असतं तर तू मला समजावलं असतंस. तसंही समजावलंसच, पंचवीस मिनिटं. पण चिठ्ठीत तू मला बाळा म्हणत होतीस. लिहीत राहा, मी ऐकते आहे, असं म्हणालीस. म्हणून मी लिहीत राहिले."

मला एकदम रडू आलं. मी घरात तिला बाळा कधीपासून म्हणत नाही, ते मलाच आठवेना. सुवार्ता, लिंक पाठव. सुवार्ता, आवाज येत नाही. सुवार्ता, पोळ्या.

"शलोमीने नाही म्हटलं तेव्हा मला वाटलं, आता तुला कळेल," ती म्हणाली. "मग तिचा फोटो आला."

गुरुवार, ११ ऑगस्ट

श्रीकांत तीन शाळांत विचारून आले. नववीत आता मधेच घ्यायला तयार नाहीत, आणि तिघांनीही एकच कागद मागितला. टी.सी. आधीच्या शाळेचा दाखला.

तो आमच्याकडे नाही. मी तो आणायला कधी गेलेच नाही. चार वर्षांत एकदाही नाही. प्रभूच्या हाकेने निघालेल्या माणसाला दाखला आणायला कोणी अडवलं नव्हतं. त्या ऑफिसच्या दाराशी उभं राहून इंदिराकडे काही मागायचं नव्हतं, हेच खरं. आज हे पहिल्यांदाच लिहिलं, आणि लिहून झाल्यावर पेन ठेवून घरभर फिरून आले.

सुवार्ता म्हणते, "राहू दे मम्मी. पुढच्या वर्षी बघू. नाहीतर ओपन बोर्डाने दहावी देईन." इतक्या समजुतीने म्हणाली. चार वर्षं ज्या गुणाचं मी गटभर कौतुक करत होते, तो हाच.

शुक्रवार, १२ ऑगस्ट

पेटी रिकामी होती. मीच वर्गात पाच तारखेची चिठ्ठी वाचली. म्हटलं, मागच्या वेळी मी टाळ्या वाजवायला लावल्या, ते चुकलं. उत्तर मी भलत्याच घरी पोचवून आले होते. आणि चिठ्ठी कोणाची हे शोधत फिरले, तेही चुकलं. मुलांना नीट कळलं नसावं. सिवनीच्या धाकट्याने विचारलं, "तो फिर से प्रार्थना करें?" मी म्हटलं, नको, आता उठून जायची पाळी माझी आहे.

मंगळवार, १६ ऑगस्ट

गेलो. दोघीच, ऑटोने. फाटकाशी पोचल्यावर मला म्हणावंसं वाटलं, उद्या येऊ. सुवार्ता ऑटोवाल्याला "भैया, बस यहीं" म्हणून उतरलीसुद्धा. फाटक ओलांडल्यापासून ती झपाझप चालत होती, मी मागे. मधली सुट्टी होती. काय तो गोंगाट. ती वाटेत थांबली आणि नुसती उभी राहिली. मी घाई केली नाही.

इंदिरा स्वतः बाहेर आली. केस पिकलेत तिचे. मला वाटलं होतं, बसवून ठेवेल, किंवा फार गोड बोलेल. तिने दोन्ही केलं नाही. "विभावरी, ये ना. ही सुवार्ता? किती उंच झाली." मी टी.सी. मागितली. तयार करून आणलेली तीन वाक्यं होती, त्यातलं एकच तोंडून निघालं. ती म्हणाली, "टी.सी. कशाला काढून राहिली? कुठे नेऊन घालणार आता ऑगस्टात? इथेच बसू दे ना तिला. गणित आणि हिंदीची चाचणी घेते आजच. नववीची यादी बोर्डाकडे शनिवारी पाठवायची आहे, त्याच्या आत होऊन जाईल."

सतरा वर्षं मी त्या शाळेत होते आणि हिच्याबद्दल घरात चार वर्षं काय काय बोलले, ते सगळं तिथे उभ्या उभ्या आठवत होतं. बहुतेक ते सुवार्तासमोरच बोलले होते.

चाचणी झाली. गणितात पंचवीसपैकी चोवीस. मी शिकवलेलं, म्हणून मान थोडी ताठ झाली, ते कबूल करते. मग कारकुनाने प्रवेशाचा फॉर्म दिला आणि आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. सुवार्ता भरत होती. नाव, जन्मतारीख, वडिलांचा व्यवसाय. अक्षर सुंदर आहे तिचं. मी विचारलं, "पलक असेल का गं इथे अजून?" म्हणाली, "माहीत नाही. नसली तरी चालेल."

शेवटच्या पानावर एक ओळ होती, "पढ़ाई बीच में छोड़ने का कारण". तिथे तिचं पेन थांबलं. तिने फॉर्म माझ्याकडे सरकवला.

"हे तू लिही," म्हणाली.

किती तरी घरांना हे कारण मी फोनवर सांगितलंय. लोक ऐकून रडलेत. ते शब्द अजूनही पाठ होते, जागाही पुरली असती. मी पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. मग लिहिलं, "माँ का झगड़ा था, बेटी का नहीं।"

सुवार्ताने वाचलं. फॉर्म आत नेऊन द्यायचा होता, कारकून दोनदा बाहेर डोकावून गेला. तिने तो हातात घेतला, पण उठली नाही. माझ्या खांद्याला खांदा लावून बसून राहिली. मी हळूच म्हटलं, "जा बाळा, वेळ होईल," तरी ती थोडा वेळ बसलीच.